ओळखीची पिकअप

गाड्यांचं वेड असलेल्या माणसाने स्वतःची पिकअप घ्यायलाच हवी का, असा प्रश्न जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या नव्या सभासदाने अगदी मनापासून विचारला. तो जनावरांचा डॉक्टर होता, नुकतीच एक मोडकी जीप घेऊन बसला होता आणि तिचे सुटे भाग आणायचे कसे, या काळजीत होता. प्रश्न त्याने सगळ्यांना विचारला, पण उत्तर अर्थातच अध्यक्षांनी दिलं. मंडळात कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर तेच देत. धंद्याने नोटरी, त्यामुळे आपण शिक्का मारल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट खरी होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"छे हो," अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला कशाला हवी? पिकअप असलेलं माणूस ओळखीचं असलं की झालं."

सगळे हसले. ते ओळखीचं माणूस तेव्हा तिथेच, पिकअपच्या हौद्यात उभं राहून, दुसऱ्याच कुणाचा तरी गिअरबॉक्स दोराने आवळून बांधत होतं. ते माणूस म्हणजे ती, आणि तीही हसली. आपण हसलो, हे मात्र तिला घरी जाताना असं काही खुपायला लागलं की दोन चौकांपर्यंत तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच रेटली.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं काम चाले. दंतवैद्य साचे पाठवत, ती मेण लावून दात बसवून कवळी घडवून देई. म्हणून मंडळात सुरुवातीला तिला कवळीताई म्हणत. पिकअप आली आणि कवळीताईची पिकअपताई झाली. आता तर नुसतंच "पिकअप" म्हणत. "पिकअपला फोन लावला का?" असं ते एकमेकांना विचारत, आणि फोन तिला येई.

गंमत म्हणजे तिला पिकअप घ्यायला लावली ती याच अध्यक्षांनी. तेव्हा त्यांचं तत्त्वज्ञान नेमकं उलटं होतं. तिला एका कोंबड्यांच्या खुराड्यात एक छोटी चार दारांची गाडी सापडली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि इंजिनाच्या जागी नुसता काळोख होता. त्या जातीचं इंजिन दूरच्या एका गावात आहे असं कळलं, तेव्हा अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की पिकअपशिवाय गाड्यांचा नाद करणं म्हणजे भांड्यांशिवाय स्वयंपाक करणं. भाड्याचे टेम्पोवाले माल आपटतात. आज इंजिन आहे, उद्या दारं असतील, परवा काचा. खऱ्या शौकिनाकडे पिकअप हवीच. इतकं गळी उतरवलं की तिने एक जुनी पिकअप घेऊन टाकली. एका इंजिनासाठी अख्खी गाडी. ग्रंथालयात काम करणारा तिचा नवरा एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यातलं एक त्याने यासाठी खर्च केलं. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणून तो पुन्हा पुस्तकात गेला.

पिकअपने तिचं इंजिन आणलं. तिच्यासाठी म्हणून केलेली ती पिकअपची पहिली आणि जवळपास शेवटची खेप. त्यानंतरच्या सगळ्या खेपा परक्यांसाठी. आधी निदान इंजिनं, बंपर, सायलेन्सर असलं काहीतरी असायचं, म्हणजे निदान नादाचं तरी. मग मंडळातल्या बेकरीवाल्याच्या बायकोचा सोफा आला. मग कुणाच्या तरी भाचीचं बिऱ्हाड. अध्यक्षांनी घरात पळायचं यंत्र घेतलं, ते तिने पोचवलं. महिन्याने त्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा ते परत नेऊन दिलं तेही तिनेच. पिकअप कुणी मागून नेली की परत येताना तिच्या टाकीत घर गाठण्यापुरतंच पेट्रोल असे, आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर एखादा नवा ओरखडा. विचारलं तर म्हणत, "ओझ्याची गाडी आहे ताई, चालायचंच." त्यांच्या स्वतःच्या गाडीवर माशी बसली तरी ते मऊ फडक्याने उठवणारे लोक हे.

तिला नाही म्हणता यायचं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. सासूबाई दार उघडत आणि दारात उभ्या असलेल्या माणसाकडे न बघताच आत ओरडत, "अगं, तुझ्या गाडीचं गिऱ्हाईक आलंय." सासूबाईंना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, माणसांतलं मात्र कळत होतं.

पण तिच्या मनाला खरं लागायचं ते रांगेच्या दिवशी. महिन्यातून एका रविवारी मंडळातल्या सगळ्या गाड्या जुन्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात जमत आणि तिथून एकामागे एक अशा डोंगराच्या रस्त्याने फिरून येत. या फेरीला ते रांग म्हणत. रांगेचा एक नियम मंडळ स्थापन झाल्यापासून चालत आला होता. एखाद्याची गाडी पहिल्यांदा रस्त्यावर उतरण्याजोगी झाली की त्या दिवशी तीच सगळ्यांच्या पुढे. रस्ता तिने ठरवायचा, वेग तिने ठरवायचा, आणि कुणी तिला ओलांडून जायचं नाही. हा मान एका गाडीला जन्मात एकदाच मिळतो. लोक त्याचे फोटो दिवाणखान्यात लावतात. आणि रांगेच्या शेवटी असायची पिकअप. वाटेत कुणाची गाडी बंद पडली तर थांबायचं, दोर बांधायचा आणि ओढत आणायचं. बाकीच्यांनी मात्र थांबायचं नाही. मागून पिकअप येतेच आहे, तेव्हा रांग मोडू नये, असं ठरलेलं होतं.

मंडळातली प्रत्येक गाडी तिला मागून पाठ होती. कोणाचा धूर निळा, कोणाची नंबरपाटी एका स्क्रूवर लोंबते, कोण वळणावर उगीच ब्रेक दाबतो, सगळं. पुढून मात्र तिने रांग कधी पाहिलीच नव्हती.

रविवार असे जात असल्यामुळे तिची स्वतःची गाडी चादरीखाली राहिली. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशातली गत. तरी संध्याकाळी काम आवरलं की ती तासभर तरी चादर बाजूला करायचीच. पिसं, विष्ठा, गंज खरवडून काढण्यातच पहिला काळ गेला. पत्र्याची भोकं तिने स्वतः बुजवली. कवळीला चकाकी आणायच्या चाकावर तिने दारांच्या कड्या घासून आरशासारख्या केल्या. डॅशबोर्डवरची दोन बटणं जगात कुठेच मिळेनात, तेव्हा कवळीच्याच मसाल्याची घडवली. त्यामुळे हॉर्नचं बटण पुढच्या दातासारखं शुभ्र झालं आणि वायपरचं अगदी हिरडीच्या रंगाचं. नवऱ्याने ते दाबून पाहिलं आणि म्हणाला, ही गाडी म्हातारपणी चावेल बरं का. त्याच्या मानाने हा फारच मोठा विनोद होता.

आणि एके दिवशी गाडी तयार झाली. पिवळीधमक, अंड्याच्या बलकासारखी. रंग तिने मुद्दाम तसा निवडला होता, खुराड्याची आठवण म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि सासूबाई फाटकापाशी उभ्या होत्या. तिने अध्यक्षांना कळवलं. त्यांनी अभिनंदन केलं, येत्या रविवारची रांग तुमच्याच गाडीची म्हणाले. तिला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या खालच्या कवळीला वरचे दात बसवले आणि सगळं काम मोडून पुन्हा करावं लागलं.

शनिवारी दुपारी अध्यक्ष स्वतः घरी आले. ती कामाच्या टेबलाशी मेण तापवत होती. ते समोरच्या स्टुलावर बसले, पुढ्यात ओळीने मांडलेल्या दातांकडे बघून जरा मागे सरकले, आणि म्हणाले की एक छोटीशी सोय करायची आहे. उद्या तुमची पिवळी गाडी पुढे असेलच, त्यात काही बदल नाही. फक्त ती आमचे जावई चालवतील. हात चांगला आहे त्यांचा. तुम्ही नेहमीप्रमाणे पिकअप घेऊन मागे या.

तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. अध्यक्षांना तिचा चेहरा दिसत होता, पण समोरच्याचा चेहरा वाचून बोलायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"नियम गाडीचा आहे ना ताई, चालवणाऱ्याचा थोडाच आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "मान गाडीला मिळतोच आहे. आणि पिकअपचा तो क्लच तुमच्याशिवाय कुणाला जमतो?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. कोंबड्यांची विष्ठा जिने नखाने खरवडली तिने आपल्याच गाडीचं ढुंगण बघत मागून यायचं, आणि ज्याने त्या गाडीचा एक नटसुद्धा पिळला नाही त्याने पुढे बसून हात हलवायचे. का, तर तिच्याकडे पिकअप आहे. पिकअप घ्यायला लावणारे हे, वापरणारे हे, आणि आता पिकअपच्याच नावाने तिला मागे बसवणारेही हेच. हातातलं मेण तिने इतकं दाबलं की त्यातले दात वाकडे झाले.

गाडी कोणाची आहे, एवढंच तिने विचारलं. तुमचीच की, असं अध्यक्ष म्हणाले, कोण नाही म्हणतंय. मग उद्या बघू, असं ती म्हणाली आणि मेणाकडे वळली. अध्यक्षांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. असल्या माणसांना सगळ्याच गोष्टींचा अर्थ होकार असाच लागतो. दारातून जाता जाता त्यांनी विचारलंही, की सोमवारी त्यांचं एक जुनं कपाट हलवायचं आहे, तर ते आजच हौद्यात आणून ठेवलं तर चालेल का.

जेवताना तिने घरात सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, उद्या पिकअप मी चालवतो. त्याला साधी सायकलही सरळ चालवता येत नव्हती. तरी त्याने म्हटलं, हे तिला फार बरं वाटलं. सासूबाई मात्र ताटावरून मान वर न करता बोलल्या.

"त्यांना नावं ठेवून काय उपयोग? तुला मागे कुणी बसवलं नाही. तू बसत गेलीस, म्हणून ते बसवत गेले."

तिला अध्यक्षांचा आला त्याहून जास्त राग सासूबाईंचा आला, कारण त्या खरं बोलल्या होत्या.

रविवारी ती पिवळी गाडी घेऊन मैदानात शिरली तशी सगळ्यांनी हातातली कामं टाकली. मग गराडा पडला. कुणी बोनट उघडलं, कुणी खाली वाकून चेसिस पाहिली. जनावरांच्या डॉक्टरने हिरडीच्या रंगाचं बटण पाहिलं आणि सवयीने त्याला बोट लावून बघितलं. केस कापायचं दुकान चालवणारे काका मंडळात सगळ्यांत वयस्कर, ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि पत्र्यावरून हात फिरवत नुसतंच "वा" म्हणाले. त्या "वा"साठी ती इतकी वर्षं थांबली होती. अध्यक्षांचे जावई हातमोजे चढवून चालकाच्या दाराशी येऊन उभे राहिले होते.

तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, पिकअप कुठे आहे.

ती म्हणाली, घरी आहे. मग खिशातून पिकअपची किल्ली काढून तिने अध्यक्षांच्या गाडीच्या बोनटवर ठेवली. ज्याला रांगेच्या मागे यायचं असेल त्याने जाऊन आणावी, क्लच जरा जपून सोडावा. मी माझी गाडी चालवणार आहे.

अध्यक्षांनी आधी काय केलं असेल, तर ती किल्ली झटकन उचलली आणि रंगाला काही झालं नाही ना, ते वाकून पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली, आणि खरी मजा तिथून सुरू झाली. बेकरीवाल्याबरोबर त्याची बायको होती, तिला हौद्याच्या गाडीत बसवणं बरं दिसलं नसतं. मंडळातल्या एका कंत्राटदाराची पाठ धरली होती. ती त्याच क्षणी धरली असावी, कारण आत्तापर्यंत तो ओणवा होऊन तिची चेसिस बघत होता. जावईबापू म्हणाले, मला मोठ्या गाडीची सवय नाही. कालपर्यंत याच माणसाला परक्याची गाडी चालवायची मोठी हौस होती. केसांच्या दुकानवाले काका बुटांकडे बघत राहिले. शेवटी विम्याचं काम करणारा एक तरुण सभासद, जरा भोळाच, जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून गेला.

"पण पिकअप मी घेतली तर माझी गाडी कोण चालवणार?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग आवाजात उतरू नये म्हणून तिने दोन्ही हात गाडीच्या दारावर टेकले.

"हेच," ती म्हणाली. "हेच इतक्या वर्षांत मला एकानेही विचारलं नाही. तुमची इंजिनं नेली, तुमचे सोफे नेले, तुम्ही बंद पडलात की तुम्हाला ओढून आणलं. मलाही एक गाडी आहे आणि ती मला चालवावीशी वाटत असेल, हे तुमच्या डोक्यात आलंच नाही. मीही गाड्यांसाठीच आले होते हो या मंडळात."

अध्यक्षांनी मग घसा साफ केला आणि निकाल दिला, की मागे पिकअप नसताना रांग काढणं धोक्याचं आहे, तेव्हा आजची रांग रद्द, पुढच्या महिन्यात पाहू. पिकअप नव्हती तेव्हा रांग कशी निघत होती, असं तिने विचारलं, तर म्हणाले, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. वेगळी काय असणार, तेव्हा बंद पडलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसून राहायचा, इतकंच.

तुम्ही थांबा मग, असं म्हणून तिने जावईबापूंना दारातून बाजूला व्हायला सांगितलं, आत बसली आणि निघाली. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना तिने शुभ्र बटण दाबून हॉर्न वाजवला. आवाज तिला वाटला होता त्याहून बराच किरटा निघाला.

पहिल्या वळणापर्यंत आरशात कुणीच नव्हतं. तिने मन घट्ट केलं होतं, तरी ती पुन्हा पुन्हा आरशात पाहत राहिली. पूल ओलांडला तेव्हा मागे दोन दिवे दिसले. जनावरांच्या डॉक्टरची जीप होती, बोनटमधून खडखडाट करत येणारी. तिच्या मागे काकांची गाडी. मग चढ सुरू झाला आणि आरशात एकेक करत बाकीच्याही दिसायला लागल्या. लाजेने आल्या की पिवळ्या गाडीच्या मागून जायच्या मोहाने आल्या, कोण जाणे. तिने मुद्दाम लांबचा, तळ्याकडून जाणारा रस्ता घेतला आणि कुणी तिला ओलांडलं नाही. समोर मोकळा रस्ता होता, कुणाचाही धूर नाही, कुणाची लोंबणारी नंबरपाटी नाही. रस्ता एवढा रुंद असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तळ्याकाठी इंजिन निवायला म्हणून तिने गाडी थांबवली. मागोमाग सगळे थांबले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अध्यक्षांचा होता.

त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. सगळे निघाले म्हणून तेही निघाले होते, सर्वांत शेवटी, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच बंद पडली. हॉर्न वाजवला, हात दाखवला, पण एकानेही मागे वळून पाहिलं नाही. बाकीच्यांचा तरी काय दोष? कुणी बंद पडलं तरी थांबायचं नाही, मागून पिकअप येतेच, हे अध्यक्षांनीच त्यांच्या अंगवळणी पाडलं होतं. जावईसुद्धा बेकरीवाल्याच्या गाडीत बसून पुढे निघून गेला होता.

ती म्हणाली की पिकअपची किल्ली तुमच्याच खिशात आहे, घर तुम्हाला माहीत आहे, चालत फार लांब नाही.

"ते ठीक आहे हो," अध्यक्ष काकुळतीला येऊन म्हणाले. "पण मी एकटा करू काय? एकाने पिकअप चालवायची आणि एकाने मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायचं. ओढून आणायला दोन माणसं लागतात."

"लागतात," ती म्हणाली. "आजवर त्यातलं एक माणूस मी होते."

तिने फोन बंद करून सीटवर ठेवला आणि इंजिन निवलं का ते पाहायला बोनट उघडलं.